खुंट्यांचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या लेआउटातला रस्ता कोणी ना कोणी फोडतोच. कधी पाण्याची नळी, कधी वायर. यंदा म्हणे रस्ता रुंद होणार. परवा दोन माणसं आली, तिपाईवर यंत्र ठेवून एक डोळा मिटून पाहू लागली, आणि मग एकानं रस्त्याच्या मधोमध डांबरात जाड खिळा ठोकला. घणाचे चार घाव. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. सुनेला वाटलं, बाबांचा हात आता थरथरतो. हात थरथरत नाही माझा. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे, म्हणून सांडला.

शहर वाढलं, शहर वाढलं, असं लोक म्हणतात. वाढलं म्हणजे काय? भोपळ्याचा वेल वाढतो, लेकरू वाढतं, त्याचा आवाज होत नाही. नागपूर आमच्या अंगावर आलं ते घण मारत आलं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि दोन घाव मीही मारले. आजवर एका माणसाशिवाय कोणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत घेणारं कोणी उरलं नाही.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. राजधानी अजून नागपुरातच होती. राजधानी म्हटलं की बाबू आला, बाबू आला की त्याला बंगला पाहिजे, आणि बंगल्याला जागा. जागा होती पूर्वेला. आज नंदनवनाकडे जाताना जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथे तेव्हा ज्वारीची वावरं होती, संत्र्याचे बगीचे होते, पडीत जमीन होती, आणि तिच्या तोंडाशी आमची कोष्ट्यांची वस्ती. तीस-चाळीस घरं. घरागणिक माग. दिवसभर धोट्याची खटखट अशी चाले की पाहुण्याचं डोकं दुखे आणि आम्हाला ती थांबली तर झोप मोडे.

तेव्हाचा वैशाख म्हणजे मारकं जनावर. नऊ वाजता दाराबाहेर पाय ठेवला की ऊन तोंडात मारी. कौलं तडकत. चिमण्या उडता उडता खाली पडत, पडल्या तिथेच वाळत. दुपारी लू सुटली की धूळ, पालापाचोळा, एखाद्याच्या घरावरचा टीन, सगळं उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकी. श्रीमंतांच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. आमच्या दाराला ओलं पोतं. माणसं या दिवसांत तापटच होतात. आमच्याकडे भावाभावांच्या वाटण्या, नवराबायकोच्या मारामाऱ्या, सगळं वैशाखातच व्हायचं.

पण पहाट आमची होती. पहाटे पांजणी व्हायची.

पांजणी आज कोणाला माहीत नाही म्हणून सांगतो. लुगडं विणायच्या आधी त्याचा उभा धागा, म्हणजे ताणा, मैदानात लांबच लांब ताणून धरावा लागतो. दोन्ही कडांना खुंट्या ठोकायच्या, मधे बांबूच्या कैच्या लावायच्या, आणि आंबवलेली खळ कुंच्यानं चोपडत चोपडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. खळीचा आंबूस वास, ओल्या सुताचा वास. दोघं इकडून, दोघं तिकडून. पाय चालत राहिले पाहिजेत आणि हात थांबला नाही पाहिजे. मधेच थांबलं की खळ वाळते, हजारावर धागे एकमेकांना चिकटतात, मग तो ताणा जाळायच्याच कामाचा. म्हणून आमच्यात एक रीत होती. ओला ताणा मैदानात असला की त्याला कोणी ओलांडत नाही, त्याच्या खालून कोणी जात नाही. बैलगाडी असो, वरात असो, थांबायचं. एकदा एका म्हाताऱ्याची मयत चालली होती. समोर ताणा ओला. लोकांनी तिरडी खाली ठेवली, खांदेकऱ्यांतल्या चौघांनी कुंचे उचलले, हात लावून पांजणी संपवली, मग म्हातारा पुढे गेला. त्याच्या पोरानंच म्हटलं, बाबाले राग नाही यायचा, त्याचा जन्म याच्यातच गेला.

ती पांजणीची जागा म्हणजे वस्तीचा जीव. गल्लीत तेवढी सरळ लांबी मिळत नाही. जागा गेली की माग गेले, आणि माग गेले की आम्ही कोण? हमाल. आमच्या घरांची रांग मैदानाच्या अलीकडे होती. पलीकडच्या कडेला एकच घर, माझ्या मोठ्या भावाचं, शंकरदादाचं. लग्नानंतर त्यानं आणि वैनीनं स्वतः माती तुडवून बांधलं होतं. दोन माग, वर नवा टीन. त्याच्या मागे मालगुजाराचं पडीत वावर, त्यात बोरीची झुडपं आणि साप.

एका पहाटे आम्ही दादाच्याच ताण्याची पांजणी करत होतो. लाल धागा, हिरवे काठ. अर्ध्यावर आलो होतो, तेवढ्यात मोजणीवाले आले. टोपीवाला एक बाबू, त्याच्यासोबत चौघं, खांद्यावर जरीब, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी. त्यांना ऊन व्हायच्या आत काम उरकायचं होतं. आम्हालाही तेच. बाबूनं ताण्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "ये हटाओ."

दादा हात न थांबवता म्हणाला, "साहेब, ओला हाय. कासराभर दिवस वर येऊ द्या, मंग मैदान तुमचंच."

"सरकार का काम तेरे धागे के लिए रुकेगा?"

तेव्हा मी बोललो. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. "साहेब, इथं मेलेला माणूस थांबते. तुम्ही तं जिते आहा."

सगळे हसले. बायासुद्धा हसल्या. बाबूच्या कानाची पाळी लाल झाली. त्यानं जरीबवाल्याला नुसती मान हलवली. त्या माणसाच्या हातात झुडपं तोडायचा विळा होता. त्यानं तो ताण्यात घातला आणि ओढला.

ताणलेला ताणा कापला की कसा आवाज होतो ते मी कोणाला सांगू शकत नाही. ओल्या पाठीवर चाबूक बसावा, तसा. दोन्ही टोकं सापासारखी उलटी धावली, बांबू उडाले, एक बांबू वैनीच्या पायावर आला. सगळा लाल धागा मातीत लोळला. मी कुंचा उलटा धरला आणि लाकडाच्या मुठीनं त्या माणसाच्या तोंडावर मारलं. तो खाली बसला. हाताच्या ओंजळीत रक्त थुंकला, त्यात दोन दात होते. मी दुसऱ्यांदा कुंचा उचलला तेव्हा दादानं मला मागून कवळ घातली, फिरवलं, आणि सगळ्या वस्तीसमोर, बाबूसमोर, माझ्या थोबाडीत दोन वाजवल्या.

"साहेब, लहान हाय, माफ करा," म्हणाला.

मी लहान नव्हतो. माझं लग्न ठरलं होतं. त्या दोन वाजवल्या म्हणूनच बाबूनं पोलीस बोलावले नाहीत, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त गाल जळत होता.

बाबूनं त्या दिवशी मैदानाच्या मधोमध अकरा लोखंडी खुंट्या ठोकल्या, डोक्याला पांढरा रंग लावलेल्या. घणाचा आवाज पार शाळेपर्यंत गेला. साठ फुटी रस्ता जाणार, असं एक मजूर पाणी पिताना सांगून गेला. रेघ आमच्या वस्तीपासून सुरू होत होती, पुढची आखणी व्हायची होती. दात पडलेल्या माणसाला घेऊन बाबू गेला तो परत आला नाही. दुसरा बाबू येणार आणि खुंट्या पाहून नकाशा काढणार, असं कळलं.

वस्तीत रडारड झाली. कोणी म्हणे अर्ज करू. कोणी म्हणे मंत्र्याकडे जाऊ. मी कोणाशी बोललो नाही. तीन दिवसांनी, भर दुपारी, ओल्या पोत्यांमागे सगळे निजले होते, कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन पडली होती, तेव्हा मी सब्बल, म्हणजे पहार, आणि घण घेऊन बाहेर पडलो.

त्या उन्हात मैदान पांढरं दिसत होतं. खुंट्यांना हात लावला तर कातडी चिकटत होती. मी ओलं फडकं गुंडाळून एकेक उपटली, भोक मातीनं बुजवलं, वर पायानं चोपलं, पालापाचोळा ओढला. मग दादाच्या घराला वळसा घालून मागच्या भिंतीपासून चार पावलं पलीकडे, पडीत वावरात, त्याच अकरा खुंट्या पुन्हा ठोकल्या. घणावर फडकं बांधलं होतं, आवाज नको म्हणून. सरळ यावी म्हणून कापलेल्या ताण्यातलाच धागा गाठी मारून लांब केला आणि त्याच्या आधारानं गेलो. सरळ रेघ मला बाबूनं शिकवायची गरज नव्हती. दादाच्या घरातून धोट्याची खटखट येत होती, ती मधे थांबली. निजला असेल, असं वाटलं. शेवटच्या तीन-चार खुंट्यांपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येत होती, नाकातून रक्त सुटलं होतं. घरी येऊन घागरभर पाणी डोक्यावर ओतलं आणि कोणालाच काही बोललो नाही.

दुसरा बाबू आला. खुंट्या पाहिल्या. सरळ होत्या. कागदावर चढवल्या आणि गेला.

मैदान वाचलं म्हणून वस्तीनं मारुतीला नारळ फोडला. रस्ता पडीत वावरातून जाणार, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकारचं मन बदललं म्हणाले. मी प्रसादाचं खोबरं खाल्लं. असं खोबरं मी जन्मात खाल्लं नाही.

पंधरा दिवसांनी दादा एक कागद घेऊन माझ्याकडे आला. चौथीपर्यंत मीच शिकलो होतो, तो तेवढाही नाही.

"वाच गा किसना. चपराशी दाराले चिकटवून गेला."

मी वाचायला लागलो. नोटीस मराठीत होती, पण मराठी आमच्यासारखी नव्हती. सात दिवसांत घर रिकामं करावं. रस्त्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही अंगांस तीस तीस फूट.

मध्यरेषेपासून. मी तिथे थांबलो.

कोष्ट्याची खुंटी नेहमी कडेला असते. आमच्या बापजाद्यांनी कधी ताण्याच्या मधे खुंटी ठोकली नाही. मधे कापड असतं, मधे खुंटी ठोकून कोण आपलं कापड फाडून घेईल? मी खुंट्या पाहिल्या आणि समजलो, ही कड. रस्ता हिच्या पलीकडे. बाबू लोक मात्र रस्त्याच्या पोटात खुंटी मारतात आणि दोन्हीकडे हात पसरतात. जुन्या जागी त्यांचा हात फक्त मैदानापर्यंत पोचत होता. मी खुंट्या हलवल्या आणि त्यांचा एक हात शंकरदादाच्या चुलीत गेला.

"काहून थांबला?" दादानं विचारलं.

मी ती ओळ गाळली. खालची वाचली.

"पण रेघ तं माह्या घराच्या मांगून हाय नं?"

"हो."

"मंग माहं घर काहून पाडते?"

"सरकार हाय," मी म्हणालो. "त्यायले कोण विचारते."

दादानं माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली, टोपीत ठेवली आणि गेला.

सात दिवस होते. खरं सांगितलं असतं तर घर वाचलं असतं आणि मैदान गेलं असतं. तीस-चाळीस घरांचं मैदान की एकाचं घर, असा मी हिशोब मांडला, असं मला लिहिता येईल. पण ते खोटं आहे. तिसऱ्या दिवशी मी नोटीस काढणाऱ्या त्या कचेरीच्या फाटकाशी जाऊन कडुनिंबाखाली उभा राहिलो. चपराशानं विचारलं, क्या काम है? मी म्हणालो, काही नाही, पाणी प्यायला थांबलो. जेलची भीती नव्हती मला. सरळ रेघेचा माणूस मी, आणि रेघ कशाची आहे तेच मला कळलं नाही, हे त्या टोपीवाल्यांपुढे तोंडानं म्हणायची लाज होती. तेवढ्यासाठी भावाचं घर गेलं.

आठव्या दिवशी ते आले. वीस-पंचवीस मजूर, कुदळी, सब्बला, लाठीवाले शिपाई. आम्हीही बांबू घेऊन उभे होतो. पहिला घाव पडायच्या आधी मी मारला. कोणाला मारला ते आठवत नाही. बांबू फुटला तेव्हा हातातल्या अर्ध्यानं मारलं, तो गेला तेव्हा दातांनी. एका शिपायाचा अंगठा मी चावला होता, त्याची चव मला अजून येते. मला सगळ्यांपेक्षा जास्त चेव होता आणि तो काहून होता ते मलाच माहीत होतं. पाठीवर लाठ्या पडत होत्या आणि बरं वाटत होतं. अजून मारा, असं वाटत होतं.

वैनी आत धावली. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, ते कापून आणायला. त्याच वेळी मजुरांनी वरचा टीन ओढला. टीन घसरत आत गेला. तिला बाहेर आणलं तेव्हा लुगडं छातीशी होतं आणि उजव्या हाताचं मनगट भलतीकडे वळलेलं. ती ओरडली नाही. दादा ओरडला. मग त्यानं एक गोष्ट केली. कुदळ हिसकली आणि स्वतःच्या मागावर घातली. दोन्ही मागांवर. फणी, हत्या, मागाचं सगळं लाकूड, त्यांच्या चिरफळ्या केल्या. "तुमच्या हातानं नाही मोडू देणार," म्हणत होता. मजूर बाजूला होऊन पाहत राहिले.

मला तीन आठवड्यांची जेल झाली. सुटलो तेव्हा वस्तीनं हार घातला, खांद्यावर घेतलं. भावासाठी लढला म्हणाले. मी हार काढला नाही.

दादा आणि वैनी तिच्या माहेरी, कुहीला गेले होते. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले होते. मी गेलो तेव्हा दादा सासऱ्याच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात धुरा, म्हणजे बांध, घालत होता. नाजूक धागा जोडणारी ती बोटं चिखलाचे गोळे थापत होती. वैनी दूर, झाडाखाली, हात गळ्यात बांधून बसली होती. मी धुऱ्यावर उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सब्बल, फडकं, अकरा खुंट्या, नोटिशीतली गाळलेली ओळ.

दादानं गोळा थापणं थांबवलं नाही.

"पाहून राह्यलो होतो मी," तो म्हणाला. "मागाच्या खड्ड्यातून. खिडकी त्याच अंगाले होती."

मी धुऱ्यावरून त्याच्याजवळ चिखलात उतरलो.

"तुही आठवी खुंटी वाकडी गेलती. तुले ऊन लागलं होतं. तू घरी गेल्यावर मी भाएर आलो, उपटली, अन् सरळ ठोकली."

"म्हणजे तुले बी..."

"मले बी कडच वाटली. कोणाले नाही वाटणार?"

"मंग नोटीस आली तवा काहून नाही बोलला?"

आता तो ताठ उभा राहिला. "तू बोलशीन म्हणून वाट पाह्यली. सात दिवस. तू त्या कचेरीत गेलता, मले मालूम हाय. पाणी पिऊन आला. मंग मी काहून बोलू? मी मोठा हाय." आणि चिखलाच्या हातानं त्यानं माझ्या तोंडात अशी मारली की मी बांधीत उताणा पडलो. वैनीनं तिकडून हाक दिली, "काय झालं वं माय, भाऊजीले काहून मारता?"

"काही नाही," दादा ओरडला. "हार घालून घेतले म्हणते." मग माझा हात धरून उठवताना हळूच म्हणाला, "हिले सांगजो नको. कधीच."

दोन वर्षांनी दादा परत आला, माझ्याच घरी. एका मागावर आम्ही दोघं. तोवर वाचलेल्या मैदानाचेही प्लॉट पडले होते. त्यासाठी कोणी घण मारला नाही, नुसता नकाशा टांगला. पांजणी गेली, मग तयार खळीचं सूत आलं, मग मागही गेले. दादा गिरणीत लागला, मी लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत. संत्र्याचे बगीचे तुटले आणि कॉलन्यांना बगीच्यांची नावं लागली. साठ फुटी रस्त्यावर दिवे आले. त्या उजेडात माझी पोरं अभ्यास करून साहेब झाली, हेही लिहिलं पाहिजे.

दादा गेला. मागच्या माघात वैनी गेली, म्हणून हे लिहितो आहे. तिचं मनगट कधी नीट बसलं नाही. ती डाव्या हातानं वाढायची, आणि दर वैशाखात, पहिली लू सुटली की, आम्ही दोघं जेवायला बसलो असताना, एकदा तरी म्हणायचीच, "ज्यानं त्या खुंट्या ठोकल्या, त्याचे हात झडो." दादा भाकरीचा तुकडा मोडायचा, मीही मोडायचो. कोणी मान वर करत नव्हतं. मग ती माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकायची आणि वर तूप घालायची. दादाच्या ताटात तूप नसायचं.

"खा भाऊजी," म्हणायची. "माह्या घरासाठी जीव तोडून लढले, ते तुमीच."

मी खायचो.